वीणा खाली टेकत नाही



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांची एक वही मी लहानपणी पाहिली आहे. शाळेतल्या मुलांच्या वापरातली साधी शंभरपानी वही. आमच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह बसायच्या आधी आठ दिवस गुरुजी ती काखेत मारून घरोघर फिरत. वहीत पहाऱ्यांची यादी असे. सप्ताहात वीणा एकदा उभी राहिली की सात दिवस खाली टेकत नाही, हे आपण सगळे जाणतो. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण जमिनीला लागत नाही. दोन तासांचा एक पहारा धरला तर दिवसाचे बारा आणि सप्ताहाचे चौऱ्याऐंशी पहारे होतात. गुरुजी चौऱ्याऐंशी ओळी आखत आणि प्रत्येक ओळीत एक नाव लिहीत.

सोळाव्या वर्षी माझे नाव पहिल्यांदा त्या वहीत आले. पहारा रात्री दोन ते चारचा. मी मोठ्या उत्साहाने होकार दिला, संध्याकाळी जेवलो, देवळाच्या ओसरीवर घोंगडी पसरली आणि गाढ झोपलो. जाग आली तेव्हा तीन वाजायला आले होते. आत समईच्या उजेडात बारा ते दोनच्या पहाऱ्याचे आजोबा अजून उभे होते. गळ्यात वीणा, ओठांवर नाम, आणि एक पाय दुखत असावा म्हणून भार दुसऱ्या पायावर दिलेला. मी धावत गेलो. ते रागावले नाहीत. त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली, रिवाजाप्रमाणे वाकून माझ्या पायांना हात लावला, मीही त्यांच्या पायांना हात लावला. सत्तरीचा माणूस सोळा वर्षांच्या पोराच्या पाया पडतो आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही, हे मला त्या रात्री पहिल्यांदा उमगले. त्या तासाभराची लाज मला आयुष्यभर पुरली. आज धर्म, सोबत आणि संयम या तीन गोष्टींवर बोलायचे ठरवले, तेव्हा त्या समईच्या उजेडापासूनच सुरुवात करावी असे वाटले.

आपल्याकडे संयम म्हटला की डोळ्यांसमोर एकटा माणूस येतो. गुहेत बसलेला, डोळे मिटलेला, जगाकडे पाठ केलेला. सोबत म्हटली की उलट चित्र उभे राहते: गप्पा, पंगती, हसणेखिदळणे. जणू संयम हवा तर सोबत सोडा आणि सोबत हवी तर संयम ढिला करा. मला ही समजूत चुकीची वाटते. एकट्याने धरलेला संयम बहुधा थकतो, नाहीतर अहंकाराच्या वाटेने जातो. आणि संयम नसलेली सोबत शेवटी एकमेकांना ओरबाडते. दोन्ही एकमेकांच्या आधाराने उभ्या राहतात, आणि त्या तशा उभ्या राहाव्यात म्हणून माणसाने जी व्यवस्था केली तिलाच मी धर्म म्हणतो.

हा विचार माझा एकट्याचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी रूढ अर्थाचा धर्म आणि बुद्धाचा धम्म यांत भेद केला आहे. रूढ धर्म ही ज्याची त्याची खासगी बाब मानली जाते, धम्म मात्र मुळातच सामाजिक आहे, असे ते मांडतात. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, माणूस अगदी एकटाच असता तर त्याला धम्माची गरजच पडली नसती. पण दोन माणसे एकमेकांच्या संबंधात आली की त्यांना धम्मावाचून गत्यंतर नाही. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. धर्म आकाशातून सुरू होत नाही, दुसऱ्या माणसापासून सुरू होतो, असा त्याचा अर्थ मला लागला. दुसरा माणूस समोर आला की मला माझा हात, माझी जीभ, माझी भूक थोडी आवरावी लागते. त्या आवरण्यालाच संयम म्हणतात.

स्वतः बुद्धांच्या चरित्रात हे फार स्पष्ट दिसते. गृहत्यागानंतर त्यांनी सहा वर्षे अत्यंत कठोर तप केले. शरीराचा सांगाडा उरला. शेवटी या वाटेने काही साधत नाही असे त्यांनी ओळखले आणि सुजाता नावाच्या स्त्रीने दिलेली खीर स्वीकारली. त्यांच्याबरोबरचे पाच तपस्वी नाराज होऊन निघून गेले. त्यांच्या लेखी संयम म्हणजे उपाशी राहणे होते. जो जेवला तो ढळला. बोधी प्राप्त झाल्यावर बुद्ध कुणाकडे गेले? त्या सोडून गेलेल्या पाच जणांकडेच, ऋषिपतनाला. पहिला उपदेश त्यांनाच केला आणि तो मध्यम मार्गाचा होता. पुढे सोण नावाचा एक भिक्षू इतका अट्टाहासाने साधना करू लागला की चंक्रमण, म्हणजे येरझाऱ्या घालत ध्यान, करता करता त्याच्या पायांतून रक्त आले. हा सोण पूर्वी वीणा वाजवीत असे. बुद्धांनी त्याला त्याच्याच विद्येतले विचारले: तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? फार सैल सोडल्या तर वाजते का? सोणाला उत्तर ठाऊक होते. आणखी एका प्रसंगी बुद्धांचा शिष्य आनंद म्हणाला की, चांगल्या मित्रांची संगत म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य, म्हणजे अर्धे साधनाजीवन, होय. बुद्धांनी त्याला अडवले आणि सांगितले की अर्धे नव्हे, ते संपूर्ण आहे. कल्याणमित्र हा शब्द बौद्ध परंपरेने आपल्याला दिला. संयमाच्या वाटेवर मित्र ही सोयीची गोष्ट नाही, मित्र हीच वाट आहे, असे सांगणारा तो शब्द आहे.

आणि हे आपल्या सह्याद्रीने दगडात कोरून ठेवले आहे. भाजे, नाशिक, अजिंठा, कुठल्याही विहारात जाऊन उभे राहा. मध्ये मोठे दालन, आणि त्याच्या तिन्ही बाजूंना लहान लहान खोल्या. बऱ्याच खोल्यांत दगडी ओटा, जेमतेम एका माणसाला आडवे होण्यापुरता. दार उघडते ते थेट सर्वांच्या दालनात. पावसाळ्यात भिक्षूंनी भटकायचे नाही, एका जागी वर्षावास करायचा, असा नियम होता. पौर्णिमेला आणि अमावास्येला सगळ्यांनी एकत्र जमून नियमांचे पठण करायचे आणि आपल्या हातून कुठला नियम मोडला असेल तर तो बोलून दाखवायचा. ज्या कारागिरांनी ते विहार कोरले, त्यांना संयम आणि सोबत यांचे नाते आपल्यापेक्षा जास्त कळले होते असे वाटते. एकांतासाठी खोली दिली, पण तिचे दार माणसांकडे ठेवले.

मराठी माणसाला हीच गोष्ट वारीत जास्त जवळून कळते. संतांच्या पादुका पालखीत घेऊन पंढरीला जाण्याची प्रथा तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केली. आळंदीच्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त दिली ती हैबतबाबा आरफळकर यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. फौजेची शिस्त त्यांनी भक्तीच्या कामी लावली. दिंड्यांचे क्रम ठरले, कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे ते ठरले, कुठे थांबायचे, कधी निघायचे तेही ठरले. लाखो माणसे इतकी वर्षे चालत आली, ती या ठरलेपणामुळे.

पुण्याहून सासवडचा टप्पा बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीला येतो. वाटेत दिवे घाट. वारीतली ही सर्वांत लांब चाल, आणि त्या दिवशी उपवास. हे मुद्दाम ठरवलेले नसेल, तिथींच्या हिशेबाने तसे येते. पण मी ज्या वर्षी चाललो त्या वर्षी त्याचा अर्थ माझ्या पायांना कळला. घाटाच्या मध्यावर मी रस्त्याच्या कडेला बसलो. आमच्या रांगेतल्या एक मावशी, डोक्यावर तुळस घेतलेल्या, पुढे गेल्या होत्या. त्या मागे वळल्या. डोक्यावरचे वृंदावन न उतरवता त्यांनी कमरेची शेंगदाण्याची पुडी काढली, माझ्या ओंजळीत निम्मी ओतली आणि म्हणाल्या, “माउली, बसू नका. बसलं की पाय धरतात. हळू चला, पण चला. मी बी हळूच चालते.” त्या हळू चालणाऱ्या नव्हत्या. माझ्यासाठी त्यांनी चाल कमी केली. घाटमाथ्यापर्यंत त्या माझ्याबरोबर राहिल्या. आपल्याला जमते तेवढ्या वेगाने पुढे न जाणे, हाही संयम आहे हे मला तोवर कुठल्या पुस्तकाने सांगितले नव्हते.

मुक्कामी रात्री समाजआरती होते. दिंड्या पालखीच्या तंबूभोवती गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो. मग सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंच करतात आणि “हो” अशी दीर्घ आरोळी देतात. क्षणात सारे शांत. त्या शांततेत ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात. कुणाला जागा मिळाली नाही, कुणाचा क्रम चुकला, अशा गोष्टी. हरवले-सापडले पुकारले जाते. कुणाची पिशवी, कुणाचे चष्म्याचे घर, कधी पैशांची पुरचुंडी. दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात आणि मगच आरती होते. म्हणजे आधी माणसांची तक्रार, आधी हरवलेल्या वस्तूचा मालक, आणि मग देव. समाजआरती हे नाव किती नेमके आहे पाहा.

पण श्रोतेहो, आपल्याच परंपरेचे गोडवे गाऊन खाली बसणे हा प्रामाणिकपणा होणार नाही. या सोबतीला भिंती होत्या. संत चोखोबांची समाधी पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळाच्या महाद्वारापाशी पायरीजवळ आहे. अस्पृश्य मानले गेल्यामुळे आयुष्यभर ते दाराबाहेरच राहिले. इरावती कर्वे यांनी वारीवर लिहिलेल्या ‘वाटचाल’ या लेखात एक सल स्पष्ट नोंदवला आहे. एकाच वाटेने, एकच नाम घेत चालणाऱ्या बाया जेवायला बसल्या की जातीप्रमाणे वेगळ्या होत. चाल एक आणि चूल वेगळी. ज्या सोबतीत पंगत तुटते, ती सोबत अजून पुरी झालेली नाही.

ती पुरी करण्यासाठी ज्यांनी जिवाची बाजी लावली, त्यांनी संयमाचेच हत्यार वापरले. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले, ते विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडावे म्हणून. त्याआधी ते महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर हिंडले, सभा घेतल्या, लोकांची मने वळवली. अखेर दार उघडले. उपवास आपल्याकडे पुण्यासाठी लाखो लोक करतात. साने गुरुजींनी तो दुसऱ्याला आत घेण्यासाठी केला. आणि गाडगेबाबांनी पंढरपुरात धर्मशाळा उभी केली ती चोखोबांच्या नावाने. पुढे ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्या माणसाच्या अंगावर गोधडी आणि हातात गाडगे, त्याने यात्रेकरूंना निवारा दिला. स्वतःसाठी काही न घेणे आणि दुसऱ्यासाठी सगळे उभारणे, यांत त्यांना काही विरोध दिसला नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. संयम हा शब्द आपण शतकानुशतके बायकांना शिकवला आणि पुरुषांना सूट दिली. बहिणाबाई सतराव्या शतकात होऊन गेल्या. तुकोबांच्या शिष्या. त्यांनी अभंगांत आपले चरित्र सांगितले आहे. कीर्तनाच्या ओढीपायी नवऱ्याने मारहाण केली तेही त्यात आहे. त्यांनी सोसले आणि लिहूनही ठेवले. त्यांच्या सोशिकपणाला आपण आदर्श म्हणतो. पण त्या घरात संयमाची गरज कुणाला होती, हा प्रश्न विचारत नाही. लग्नात कन्यादानाच्या वेळी वर वचन देतो त्याचे नाव नातिचरामि. धर्म, अर्थ आणि काम या तिन्हींत तुला ओलांडून जाणार नाही, असा त्याचा भाव. सोबतीचे वचन संयमाच्या भाषेत दिलेले आहे, आणि ते पुरुषाने दिलेले आहे. सप्तपदीतले सातवे पाऊल सख्यासाठी असते. सातही पावले दोघांनी मिळून चालायची असतात. दुसऱ्यावर लादलेल्या संयमाला सक्ती म्हणतात. त्याला धर्माचे नाव देऊ नये.

इतर धर्मांतही हा धागा मला सारखाच दिसतो. रमजानचा रोजा दिवसभर ज्याचा त्याने पाळायचा, पण सोडायचा तो शेजाऱ्याला बोलावून, एका ताटातला खजूर वाटून. जैनांचे पर्युषण कडक उपवासांचे असते. त्याच्या शेवटी माणूस ओळखीच्या प्रत्येकाकडे जाऊन क्षमा मागतो. आणि वारीची सांगता काल्याने होते. आषाढी एकादशीचा उपवास झाला, द्वादशीला पारणे झाले, पौर्णिमेला गोपाळपुरात काला. ज्याच्या शिदोरीत जे असेल ते एकत्र करायचे आणि एकमेकांच्या तोंडी घालायचे. आधी भूक आवरायची ती या घासासाठी.

हे सगळे देवळापुरते आणि लेण्यांपुरते आहे असे कुणाला वाटत असेल, तर मी पुण्याचे मुक्तांगण दाखवीन. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ते व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. दारू सोडायचा निश्चय एकट्याने केलेले लोक आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. सोमवारी शपथ आणि शनिवारी पुन्हा तेच. असा माणूस दुबळा असतो असे नाही; तो एकटा असतो. मुक्तांगणमध्ये तोच माणूस गोल करून बसलेल्या माणसांत आपली गोष्ट सांगतो, दुसऱ्याची ऐकतो, आणि आजचा एक दिवस पिणार नाही एवढेच ठरवतो. तिथे व्यसनी माणसांच्या पत्नींचाही गट आहे आणि त्याचे नाव सहचरी आहे. माळ घातलेला वारकरी दारूला शिवत नाही, याचेही कारण मला हेच वाटते. माळ एकट्याच्या गळ्यात असते, पण ती पाहणारी सगळी दिंडी असते.

आणि २०२० साल आपण विसरू नये. त्या वर्षी साथीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका मोजक्या माणसांनिशी एसटीने पंढरपूरला गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरात वारी चुकली नव्हती, अशी लाखो माणसे त्या आषाढात घरी राहिली. आमच्या गल्लीतल्या एका वारकऱ्याने रोज पहाटे उठून, गंध लावून, ज्या दिवशी जो मुक्काम त्या दिवशीचे अभंग अंगणात उभे राहून म्हटले. लोणंद आले, फलटण आले, वाखरी आली, अंगण तेच. मी विचारले, वाईट वाटते का? ते म्हणाले, “वाटतं. पण माझ्या पायानं दुसऱ्याच्या घरी आजार जाणार असेल, तर पाय घरी बरे.” चालणे हाच ज्यांचा धर्म, त्यांनी सोबत्यांसाठी न चालण्याचा धर्म पाळला. वारकरी परंपरेची एवढी कठीण परीक्षा माझ्या पाहण्यात दुसरी नाही, आणि ती परंपरा त्यात उतरली.

आज आपल्यापुढे अडचण वेगळी आहे. धर्माच्या नावाने गर्दी जमवणे फार सोपे झाले आहे. ध्वनिक्षेपक मोठे झाले, झेंडे मोठे झाले. पण गर्दी आणि सोबत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या ओळखण्याची खूण साधी आहे. सोबतीत आपला आवाज आपोआप खाली येतो, कारण शेजारच्याचे ऐकायचे असते. जिथे जाऊन माझा राग वाढतो, माझी जीभ सुटते, दुसऱ्या धर्माचा शेजारी मला परका वाटू लागतो, तिथे कितीही घंटा वाजोत, तिथे धर्म नाही. चोप वर होताच शांत होणारी लाखोंची वारी ही आपली कसोटी असली पाहिजे. जो जमाव शांत होऊ शकत नाही, त्याला वारी म्हणू नका.

दुसऱ्या बाजूला घरे एकटी होत चालली आहेत. एका घरात चार माणसे, चार पडदे. वृद्ध आईवडिलांच्या शेजारी बसायला वेळ नाही, कारण बसण्यासाठी हातातले काहीतरी खाली ठेवावे लागते. ते खाली ठेवणे हा आजच्या काळातला उपवास आहे. एकादशीला साबुदाणा खाऊन जे पुण्य लागत असेल ते लागो. पण संध्याकाळचा एक तास घरातल्या माणसासाठी राखणे हे त्याहून अवघड व्रत आहे आणि आज त्याची गरज जास्त आहे.

आता पुन्हा गुरुजींच्या वहीकडे येतो. त्यांच्या पश्चात ती मला पाहायला मिळाली. माझ्या चुकलेल्या पहाऱ्याचे पान मी शोधून काढले. दोन ते चार, माझे नाव. आणि त्याच ओळीत, बारीक अक्षरात, आणखी एक नाव होते: बारा ते दोन उभ्या असलेल्या त्याच आजोबांचे. मग मी सगळी पाने उलटली. चौऱ्याऐंशी ओळींत प्रत्येक नावापुढे दुसरे एक नाव होते. कोण उठणार नाही, कुणाचे पाय दुखतील, कुणाच्या घरी ऐन वेळी अडचण येईल, याचा विचार गुरुजींनी आधीच करून ठेवला होता. मुलगा झोपला तर उभे राहाल का, असे त्यांनी आजोबांना अगोदर विचारले असणार. आजोबा मला उठवू शकत होते. त्यांनी उठवले नाही.

म्हणून माझी आपल्याला एकच विनंती आहे. या सभागृहातून जाताना एखादा नियम घ्या. लहान घ्या. रागाच्या भरात उत्तर न देण्याचा, दारूला न शिवण्याचा, रोज कुणाच्या तरी शेजारी बसण्याचा, कोणताही. पण तो एकट्याने घेऊ नका. आपल्या नावापुढे दुसरे एक नाव लिहा आणि त्या माणसाला ते सांगा. आणि कुणाच्या तरी वहीत त्याच्या नावापुढचे दुसरे नाव तुमचे असू द्या. गावचा सप्ताह अजून बसतो. पहाऱ्यांची यादी अजून निघते. रात्री दोन ते चारच्या ओळीत आज पुष्कळदा नाव मिळत नाही. ते आपण द्यावे.